आमची एक चूल आणि अर्ध्या इंचाचा पाइप

आमच्या घरात चूल एकच आहे असं मी गॅसवाल्याला सांगितलं, तेव्हा घरात चार चुली होत्या.

तीन तर कुणालाही मोजता आल्या असत्या. चौथीचं पुढे सांगते. तिच्यासाठी जरा धीर गोळा करावा लागतो.

घर म्हणजे सुरतेतलं, दिंडोलीतलं आमचं रो-हाउस. खाली मी आणि आप्पा, म्हणजे आमचे हे. पहिल्या मजल्यावर थोरला रवी आणि त्याची बायको मंगला. त्याच्यावर धाकटा किशोर, त्याची पूनम आणि त्यांची तीन वर्षांची परी. आप्पांनी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये सगळं आयुष्य बॉयलर सांभाळला. माणूस रिटायर झाला, पण कान अजून बॉयलरपाशीच आहेत. कुकरची शिट्टी झाली की हे झोपेतसुद्धा प्रेशर किती ते सांगतात.

आता 'एक चूल' हे मी का धरून बसले होते, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसतीच हट्टी. (हट्टी आहेच, पण नुसतीच नाही.)

माझं सासर अमळनेरकडचं. मी लग्न होऊन गेले तेव्हा त्या घरात एक अंगण होतं आणि अंगणाच्या मधोमध एक भिंत. भिंतीच्या अलीकडे माझी सासू, पलीकडे तिची जाऊ. चुली वेगळ्या झालेल्या. आणि चुली वेगळ्या झाल्या म्हणून कानबाईचे रोटही वेगळे. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली पाहुणी. रविवारी तिला बसवायचं, सोमवारी वाजतगाजत पोचवायचं. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. पुरणपोळी, खीर, आमटी. तो घरच्यांनीच खायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही. रोटाचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीने मोजतात. आमच्यात चूल एक असली तर सगळ्यांच्या मुठी एका सुपात. चूल वेगळी झाली की सूप वेगळं.

माझी सासू त्या रविवारी खिरीची वाटी घेऊन भिंतीपाशी उभी राहायची. पलीकडून जाऊबाईंच्या बांगड्या ऐकू यायच्या. वाटी पलीकडे देता यायची नाही, कारण पलीकडचे आता घरचे नव्हते. मग ती वाटी मलाच प्यायला लावायची. मी तिथेच ठरवलं, माझ्या घरात काही झालं तरी सूप एकच राहील.

त्यात आमच्या गल्लीत पाइपाचा गॅस आला.

माप घ्यायला आला तो जयेशभाई नावाचा चाळिशीचा माणूस. हातात टेप, कानावर पेन्सिल, गोड बोलणारा. घर खालून वर बघून आला आणि म्हणाला, "मासी, त्रण माळ छे, त्रण फॅमिली छे, त्रण मीटर लई लो."

मी म्हटलं, "मजले तीन असले तरी फॅमिली एक आहे. चूल एक आहे. मीटर एक."

"तो उपर जे किचन छे?"

"किचन नाही ते. चहापुरता ओटा आहे."

त्याने मला नीट समजावलं. पाइप किती जाड घालायचा ते अंदाजाने ठरत नाही. घरात किती बर्नर, गीझर आहे का, मीटरपासून शेवटच्या शेगडीपर्यंत पाइप किती लांब, वाटेत वळणं किती, हे सगळं धरून माप काढावं लागतं. सगळं एकदम पेटलं तरी शेवटच्या बर्नरला पुरेसा गॅस पोचला पाहिजे. म्हणून खरं सांगा, असं तो हात जोडून म्हणाला.

आप्पा दारात उभे होते. म्हणाले, "रवीनी माय, त्याले खरं सांगी दे. लोड पाहीसन पाइप ठरस."

(आम्ही दोघं आपसात अहिराणी बोलतो. भांडायला तर आम्हाला दुसरी भाषा पुरतच नाही.)

"तुमी चूप बठा," मी म्हटलं, आणि जयेशभाईला लिहून घ्यायला सांगितलं: खाली दोन बर्नरची शेगडी, वर दोन्हीकडे एकेक बर्नर, तोही चहापुरता. गीझर? नाही. अजून काही? काही नाही. हे सांगताना मी मागच्या मोरीच्या दारात पदर पसरून उभी होते. का, ते चौथ्या चुलीत येईल.

त्याने मान डोलवली आणि त्या हिशोबाने सगळीकडे अर्ध्या इंचाचा पाइप टाकून दिला. आप्पांनी पाइपावरून बोट फिरवलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि काहीही न बोलता चपला घालून निघून गेले. संसारात त्यांनी मला दिलेल्या सगळ्या शिव्यांत ती सगळ्यात मोठी.

पुढच्या महिनाभरात वरच्या 'चहाच्या ओट्यां'ची तब्येत सुधारली. मंगलाने तीन बर्नरची काचेची शेगडी आणली. पूनमने दोन बर्नरची आणली आणि बाथरूममध्ये गॅसचा गीझर बसवून घेतला. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही वर जाऊन बघितलं नाही. न बघितलेली चूल मोजायची नसते, असा मी माझ्यापुरता नियम केला होता.

पण बघायची गरजच पडेना. कारण माझी ज्योत मला सगळं सांगायला लागली!

झालं असं, की सकाळी मी खाली दूध तापवत होते आणि निळीशार ज्योत एकदम बसकी झाली. जरा वेळाने पुन्हा उठली. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "वर नळ उघडा की खाले नळ बारीक व्हस. तसंच शे हाई." म्हणजे वर कुणीतरी गॅस ओढतंय.

मी आठ दिवसांत तयार झाले. सकाळी ज्योत खूप वेळ बसली, म्हणजे पूनमचा गीझर, किशोर आंघोळीला. अकरा वाजता दोन टप्प्यांत खाली गेली, म्हणजे मंगला, एका बर्नरवर फोडणी, दुसऱ्यावर भात. दुपारी चारला थोडीशी बसली आणि लगेच उठली, म्हणजे वरच्या मजल्यावर परीच्या नावाने नूडल्स.

मी जिन्यापाशी जाऊन नुसतं विचारायचे, "मंगला, फोडणीला कढीपत्ता आहे ना?" वरचा झारा थांबायचा. मग हळूच, "आहे, आई." पूनमला एकदा म्हटलं, "मसाला जरा कमी टाक, पोरीला खोकला आहे." तर तिच्या हातातला चमचा पडल्याचा आवाज मी खालून ऐकला.

दोघींनी आपसात ठरवून टाकलं की कानबाई आईंच्या अंगात येते. मंगलाने शेजारच्या उषाबेनला सांगितलं. उषाबेन एक दिवस माझ्याकडे येऊन बसली आणि तिच्या मुलाचं लग्न कधी जमेल म्हणून विचारायला लागली. मी शेगडीकडे बघून म्हटलं, "दिवाळीनंतर." काय करू, तेव्हा ज्योत जरा उठली होती.

तर असं माझं चाललं होतं मजेत, आणि कानबाईचा रविवार आला.

आता चौथी चूल.

आमच्या रोटाची पुरणपोळी तव्यावरची नसते. ती खापरावर करतात. खापर म्हणजे उपडं घातलेलं मातीचं मोठं, गोल भांडं. पोळी हातावर घेऊन, कोपरापर्यंत झुलवत झुलवत पसरवायची आणि त्या तापलेल्या पाठीवर टाकायची. सुपाएवढी होते. पण खापर लालबुंद तापायला हवं. दोन बर्नरच्या शेगडीवर ते तापता तापता श्रावण संपेल. म्हणून मी गेल्या वर्षीच मंडपवाल्यांकडे असते तशी लोखंडी भट्टी आणून ठेवली होती, मागच्या मोरीपाशी. पाइप आल्यावर एका ओळखीच्या प्लंबरकडून तिला गुपचूप नळी जोडून घेतली. वरून मोठं घमेलं उपडं घातलं. घमेल्यावर चाळण, चाळणीवर कांदे. आप्पांनासुद्धा पत्ता नव्हता. सुनांच्या गीझरवर कान ठेवणारी मी, माझी भट्टी कांद्याखाली!

रविवारी सकाळी सोमवारच्या मिरवणुकीसाठी भाऊबंद मुक्कामाला आले. पाहुण्यांच्या आंघोळी सुरू झाल्या, म्हणजे वर गीझर. खीर मंगलाकडे दिली होती, आमटी पूनमकडे. 'चहाच्या ओट्यां'वर एवढं काम मीच सोपवलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी मोरीचं दार लावून घेतलं, कांदे उतरवले आणि भट्टी पेटवली.

पहिली पोळी खापरावर टाकली. ती तशीच राहिली, पांढरी, वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखी. उलटायला गेले तर मधोमध फाटून पुरण खाली आलं. भट्टीची ज्योत बघितली, तर पणतीएवढी.

मी जिन्यात जाऊन ओरडले, "गीझर बंद करा!" वरून मंगला ओरडली, "आई, माझ्या खिरीखाली तर ज्योतच नाही!" पाहुण्यांपैकी कुणीतरी अंगाला साबण लावून 'पाणी गार झालं' म्हणून हाक मारत होता. मी म्हटलं खीर थांबवा. मंगला म्हणाली दूध नासेल. मी म्हटलं मग आमटी थांबवा. आप्पा बॉयलरवर असल्यासारखे जिन्याच्या मधोमध उभे राहून एकेका मजल्याला पाळी देऊ लागले. पहिला मजला चालू, दुसरा बंद. आता दुसरा चालू. एवढं करूनही ज्योत उठेना, तसे ते गोंधळले. त्यांच्या हिशोबात एक चूल जास्त पेटत होती आणि ती त्यांना सापडत नव्हती. मला सापडलेली होती, पण मी काही बोलले नाही.

तेवढ्यात वरून पूनमचा आवाज आला. ओरडली नाही ती. म्हणूनच मी घाबरले. "मम्मी, गॅसनो वास आवे छे."

तिच्या आमटीखालची ज्योत गेली होती. ती पाहुण्यांना टॉवेल द्यायला गेली होती, बटण चालूच राहिलं. आणि शेजारच्या खोलीत परी झोपलेली.

आप्पांनी खाली मीटरपाशी धाव घेऊन मेन कॉक बंद केला. मी जिना कशी चढले ते गुडघ्यांनाच ठाऊक. पूनमने बटणं फिरवून बंद केली होती, खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि परीला उचलून गॅलरीत उभी होती. पोरगी अर्धवट झोपेत, गालावर उशीच्या शिवणीची खूण. तिला काहीसुद्धा कळलं नव्हतं. मी तिचा पाय धरला, तो गरम होता. मी तो पाय धरूनच तिथे खाली बसले.

किशोरने गॅसवाल्यांना फोन लावला. थोड्या वेळाने रविवार असूनही जयेशभाईच आला. साबणाचा फेस लावून दिसतील तेवढे जोड बघितले. गळती कुठे नव्हती. मग सगळ्यांना खालच्या खोलीत बसवून तो माझ्यासमोर पाटावर बसला. मागे कानबाई नटूनथटून बसलेली, समोर हा. मला वाटलं, दोन्हीकडून साक्ष सुरू आहे.

म्हणाला, "मासी, गॅस ओछो पडे, ज्योत बुझाय, पछी फरी आवे. ज्योत विझली तरी बटण चालूच असतं ना? मग परत आलेला गॅस घरात पसरतो. मी त्या दिवशी तुम्हाला हात जोडले होते. हवे साचुं कहो, खरं सांगा. केटला चूला छे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मंगला, पूनम, दोन्ही पोरं, भाऊबंद. मला ती अंगणातली भिंत दिसली, सासूच्या हातातली वाटी दिसली. आणि हातात अजून त्या पोरीच्या तळव्याची ऊब होती.

मी म्हटलं, "तीन."

मीच पुढे म्हटलं, "सूप वेगळं करायचं असेल तर करा. पण पाइप बरोबर टाक रे बाबा."

तेव्हा पूनम माझ्याजवळ येऊन बसली. ही सुरतेतच जन्मलेली, मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरणारी, खापर हे तिने आमच्याकडेच पहिल्यांदा बघितलेलं. ती म्हणाली, "मम्मी, रोट मुठीवर मोजतात ना? बर्नरवर कोण मोजतं?"

एवढं सरळ. माझी सगळी हयात गेली, हे मला सुचलं नाही! मंगला डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आम्हाला वेगळं व्हायचं नव्हतंच आई. सकाळी डब्याच्या वेळेला खाली येऊन तुमच्या मधे मधे करायला नको, म्हणून वर शेगडी." मी तिला म्हटलं, तू मधे मधे केलंस तर मी कुणावर ओरडू?

असं सगळं गोड होऊन मी सुटले, असं मला वाटलं. पण जयेशभाई पेन्सिलीने कागदावर काहीतरी जुळवत होता. मान हलवून म्हणाला, तीन शेगड्या आणि गीझर धरूनही एवढी ज्योत पडायला नको, अजून काहीतरी मोठं आहे. आणि तो टेप घेऊन पाइपाच्या मागे मागे निघाला. ओट्यावरून, भिंतीवरून, मोरीच्या दारापर्यंत. त्याच्यामागे आप्पा, आप्पांच्या मागे सगळे भाऊबंद. कानबाईची मिरवणूक सोमवारी असते, आमची रविवारीच निघाली.

गॅसवाला येईपर्यंतच्या गडबडीत मी भट्टी बंद करून, खापर उतरवून तिच्यावर घमेलं पुन्हा घालून ठेवलं होतं. कांदेसुद्धा ठेवले होते. जयेशभाईने चाळण उचलली. घमेलं उचललं.

त्याने भट्टीकडे बघितलं, तिच्या नळीकडे बघितलं आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली. म्हणाला, वरच्या दोन्ही घरांच्या सगळ्या शेगड्या मिळून जेवढा गॅस ओढतात, त्याहून जास्त ही एकटी ओढते. असली नळी घरात जोडतात का, म्हणून त्याने मला जे ऐकवलं ते मी मुकाट्याने ऐकलं, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता. भट्टीची नळी त्याने तिथल्या तिथे तोडून टाकली आणि सगळ्या घराचा पाइप बंद ठेवला.

आप्पांनी वाकून भट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रवीनी माय, मी तीन मोजी राहिंतू."

एवढंच. आणि हसायला लागले. ते हसले म्हणून पोरं हसली, मग भाऊबंद हसले, मग साबण लावून उभा असलेला तो पाहुणाही टॉवेलात येऊन काय झालं ते विचारून हसला.

रोट राहिलेच होते. गॅस बंद, कानबाई उपाशी. आप्पांनी मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या आणि रवीने जुनी मोडकी खाट फोडून लाकडं दिली. विटांवर खापर चढवलं. ओलसर लाकडं ती, एवढा धूर झाला की आम्ही तिघी ढसाढसा रडत होतो आणि कोण कशासाठी रडतंय ते कुणालाच विचारायची सोय नव्हती. मंगला लाकडं पुढे सारत होती. पूनमच्या हातावर मी पोळी दिली. तिने ती कोपरापर्यंत झुलवली आणि खापरावर टाकली. नकाशा झाला तिचा, पण फाटली नाही. खीर त्याच विटांवर झाली, आमटीही. सगळे गहू एका सुपातले, सगळा नैवेद्य एका चुलीवरचा. खरी एक चूल माझ्या घरात झाली ती तेवढ्या एका दुपारी, तीही पाइप बंद पडल्यावर.

पुढच्या आठवड्यात जयेशभाईने सगळं माप नव्याने काढलं. आता तीन मीटर आहेत. खालून जाड पाइप वर चढतो, एकेका मजल्याला वाटा देत देत वर बारीक होत जातो. आप्पा येता-जाता त्याच्यावर थाप मारतात, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. सगळ्यांचं सगळं एकदम पेटलं तरी माझी ज्योत आता तसूभर हलत नाही.

हलतच नाही, हीच तर पंचाईत आहे. किशोर आंघोळीला गेला का, मंगलाने आज काय फोडणीला टाकलं, मला काही कळत नाही. उषाबेन लग्नाची तारीख विचारून गेली, मला उत्तर देता आलं नाही. मग रोज दुपारी चारला मीच दोन जिने चढते. पूनम विचारते, "मम्मी, ज्योत बघायला आलात?" मी हो म्हणते. परीच्या शेजारी बसून ताटलीभर नूडल्स खाऊन खाली येते. मसाला आता मीच जास्त मागते.

आणि आमच्या दारात हल्ली पाणीवाला येवो, लाइटवाला येवो, मतदारयादीवाला येवो, तो वही उघडून घरात किती माणसं म्हणून विचारायला लागला, की आप्पा आतूनच ओरडतात, "भाऊ, तिला विचारण्याआधी मागे जाऊन घमेलं उचलून बघा."